न उघडलेला पडदा

मुलांनो, आमच्या या स्कॉटलंडमधल्या तळ्याकाठी हिवाळ्यात फार उशिरा उजाडतं. काठाचं पाणी गोठलेलं असतं, आणि समोरच्या घरातली मोरॅग, माझ्याहूनही म्हातारी, चहाचा कप घेऊन खिडकीतून माझ्या घराकडे बघत असते. दुसऱ्याच्या घरात डोकावू नये, असं आम्हाला इंग्रजी शाळेत बजावलेलं. म्हणून काल मी मुद्दामच पडदा उघडला नाही. बघू दे म्हटलं, आता काय बघते ती!

थोड्या वेळाने दार वाजलं. मोरॅग उभी होती, एका हातात काठी आणि दुसऱ्यात शेगडीतल्या राखेची बादली. बर्फावरून पाय घसरू नये म्हणून ती वाटभर राख टाकत आली होती.

"आहेस होय! पडदा उघडला नाहीस, म्हटलं गेली ही बया!"

इथे एकट्या राहणाऱ्या बायका सकाळी एकमेकींचे पडदे बघतात, हे मला तेव्हा कळलं. आपल्याकडे शेजारीण हाक मारून विचारते, इथे नुसतं बघून विचारतात. मी मात्र त्याला भोचकपणा समजत होते.

"बरं नाही का गं?"

"डोकं दुखतंय जरा," मी खोटंच सांगितलं.

तिने मला झोपवलं, पांघरूण घातलं आणि माझ्याच स्वयंपाकघरात चहा करायला गेली. मी चांगली ठणठणीत होते, तरी डोळे मिटून पडून राहिले. तिच्याकडे बघायचं धाडस मला होईना.