खाडीत सोडलेले कागद

बाबांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, ब्लडप्रेशरच्या गोळ्या पंधरा तारखेला संपायला हव्या होत्या. स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतल्या बाजूने माझा एक कागद चिकटवलेला असे. गॅसचा नंबर कधी लावला, रॉकेल कधी आणलं, गोळ्यांचं पाकीट कधी उघडलं, सगळं तारखेसकट. त्या महिन्यात वीस तारीख उलटली तरी पाकिटात सहा गोळ्या होत्या. वयामुळे विसरत असतील, असं वाटून मी विचारलं.

"विसरत नाही गं. अर्धी अर्धी घेतोय," बाबा म्हणाले. "तेवढ्यानेही बरं वाटतं."

"डॉक्टरांनी सांगितलं तसं?"

ते म्हणाले, "गुरुवारी दुपारी दोघं जण येतात. तू ऑफिसात असतेस तेव्हा."

हे चौऱ्याण्णव-पंच्याण्णवच्या सुमाराचं. नवरा नाशिकला कारखान्यात होता, रविवारपुरता घरी यायचा. सासूबाई गेल्यापासून भाईंदरच्या जुन्या वस्तीतल्या दोन खोल्यांच्या घरात आठवडाभर बाबा आणि मी. बाबा मुंबईत एका छापखान्यात कारकून होते. गिरगावातली भाड्याची खोली सोडून त्यांनी हे घर घेतलं तेव्हा छापखान्याच्या कर्मचारी पतपेढीचं कर्ज काढलं होतं, हेच घर गहाण ठेवून. त्याला पंचवीसहून जास्त वर्षं झाली होती. मधल्या काळात छापखाना बंद पडला, पतपेढी बुडाली, तिचा कारभार गुंडाळायला सरकारने माणूस नेमला आणि जुन्या थकबाकीच्या याद्या एका वसुलीवाल्या एजन्सीच्या हाती गेल्या. त्या यादीत बाबांचं नाव होतं. व्याज धरून एवढी रक्कम झालीय, भरली नाही तर घराला जप्तीची नोटीस लागेल, असं त्या दोघांनी सांगितलं होतं. बाबा तीन महिने फंडाच्या ठेवीचं निम्मं व्याज त्यांना देत होते. पावती नव्हती.

"पण कर्ज फेडलं होतं ना?"

"पै अन् पै. शेवटचा हप्ता भरला त्या दिवशी तुझ्या सासूने पुरण घातलं होतं."

"मग पावत्या दाखवायच्या त्यांना."

"पावत्या खाडीत सोडल्या."

मला आधी कळलंच नाही. सासूबाईंच्या माहेरी म्हणे असं मानत की फिटलेल्या कर्जाचा कागद घरात ठेवू नये, त्याच्या मागून दुसरं कर्ज येतं. म्हणून कर्ज फिटलं त्या संध्याकाळी दोघांनी पावत्या, पासबुक, शिक्का मारून परत मिळालेलं गहाणखत, सगळं एका पिशवीत भरलं आणि निर्माल्याबरोबर खाडीत सोडलं.

"नारळसुद्धा वाहिला," बाबा म्हणाले. "पोहोच मिळाली नाही, एवढंच."

मला हसू आलं आणि त्याच वेळी त्यांच्या शर्टाच्या खिशातलं ते अर्ध्या गोळ्यांचं पाकीट दिसलं. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातल्या कायदा विभागातल्या साहेबांना गाठलं. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. एक, बाबांनी कशावरही सही करायची नाही. दोन, पतपेढीच्या कर्जाला दोन जामीनदार लागतात, आणि कर्ज फिटलं की जामिनातून सुटल्याचं पत्र त्यांनाही जातं. ते कोण होते, शोधा.

एक जामीनदार कधीच वारला होता. दुसरा छापखान्यात मशीनवर होता. मूळचा भाईंदरजवळच्या किनाऱ्यावरच्या पालीचा कोळी. नोकरी सुटल्यावर परत होडीवर गेलेला. पाली म्हणजे बसने तासाचाही रस्ता नाही.

"त्याच्याकडे मी जाणार नाही," बाबा म्हणाले.

एवढ्या वर्षांत ते माझ्याशी त्या सुरात बोलल्याचं मला आठवत नाही. मी पोळ्या लाटत होते, लाटत राहिले. मग ते स्वतःच सांगू लागले. सासूबाईंना टीबी झाला तेव्हा चार हप्ते चुकले. नियमाप्रमाणे पतपेढीने ते जामीनदाराच्या पगारातून कापले. तो चार महिने कापलेला पगार घेऊन घरी गेला आणि तोंडातून अवाक्षर काढलं नाही. पुढे पैसे जमले तेव्हा बाबांनी ते पाकिटात घालून त्याच्या मशीनवर ठेवले, तो जेवायला गेला असताना.

"हातात का नाही दिलेत?"

"तोंड नव्हतं गं."

त्यानंतर ते एकाच छापखान्यात सहा वर्षं होते आणि एकमेकांशी बोलले नाहीत.

"मी एकटी जाऊन येते," मी म्हटलं. त्यांनी मान डोलावली. पण शनिवारी मी निघाले तर बाबा इस्त्रीचा शर्ट घालून दाराशी उभे होते.

पालीच्या गल्लीतून एका वेळी एकच स्कूटर जाईल एवढी वाट. विचारत विचारत गेलो. ओट्यावर एक म्हातारा जाळं विणत बसला होता. पायाच्या अंगठ्यात दोरी अडकवलेली. त्याने वर पाहिलं, परत जाळ्याकडे पाहिलं, आणि मग पुन्हा वर.

"कारकून? मला वाटलं, मेलास."

"अजून नाही."

"मंग बस."

बाबा बसले. मी पिशवी सावरत उभी. बाबांनी घसा साफ केला. "ते चार महिन्यांचं..."

"मिलालं की पैसं. मशीनवर पाकीट ठेवून पलालास! शाई लागली सगल्या नोटांना. बायकोनं धुवून वालत घातल्या, बोंबलावानी."

आतून एक बाई हसली. तिच्या हसण्याने गल्लीतली दोन पोरं थांबून बघायला लागली.

"त्याचा राग न्हाय," म्हातारा म्हणाला. दोरी त्याने अंगठ्यातून सोडवली होती. "माझ्या मशीनपासून तुझं टेबल वीस पावलं. सहा वर्सं. एकदा आला न्हायस. त्याचा हाय."

बाबांनी जाळ्याचं आपल्या बाजूला पडलेलं टोक उचलून गुडघ्यावर घेतलं. म्हाताऱ्याने ते तसंच राहू दिलं. मी इकडे तिकडे बघत उभी राहिले, कारण बाबांना कुणी बघू नये असं मला वाटत होतं.

मग मी कामाचं बोलले. वसुलीवाले, यादी, जप्ती. म्हातारा बायकोला हाक मारून म्हणाला, "होडीचे कागूद आन गो." मेणकापडातून तिने एक पिवळं पडलेलं पत्र काढलं. पतपेढीचा शिक्का, सेक्रेटरीची सही, बाबांचं नाव: सदर कर्जाची पूर्ण परतफेड झाल्याने आपणांस जामिनातून मुक्त करण्यात येत आहे. होडीसाठी कर्ज काढताना बँकेने तो कागद मागितला होता, म्हणून जपलेला.

"झेरॉक्स काढते आणि परत आणून देते," मी म्हटलं.

"परत आनायला ह्याला धाड," म्हातारा म्हणाला. "तू कामाची बाई दिसतीस. ह्याला कायतरी काम दे."

गुरुवारी मी रजा टाकली. कॅलेंडरच्या मागच्या बाजूला काय काय बोलायचं ते क्रमाने लिहून ठेवलं होतं. दोघं आले, एक बोलणारा आणि एक ब्रीफकेसवाला. मी पुढे झाले तर बाबा म्हणाले, "तू बस, मी बोलतो." आणि चष्मा लावून त्यांनी ते पत्र पहिल्या ओळीपासून तारखेपर्यंत मोठ्याने वाचलं, छापखान्यात प्रुफं वाचून दाखवतात तसं, स्वल्पविरामाला थांबून.

"आजोबा, ये सब पुराना है," बोलणारा म्हणाला. "आमच्या लिस्टमध्ये तुमचं बाकी दाखवतंय."

"तुमची लिस्ट चुकलीय. ही झेरॉक्स घ्या, साहेबांना दाखवा. आणि माझ्या तीन महिन्यांच्या पैशांची पावती द्या."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "पावती बुक आज नाही आणलं, आजोबा."

"मग घेऊन या. मी घरीच असतो."

ते परत आले नाहीत. पैसेही परत आले नाहीत. पतपेढीच्या कारभारावर नेमलेल्या माणसाला मी रजिस्टर्ड पोस्टाने पत्र पाठवलं. दोन महिन्यांनी उत्तर आलं की नाव यादीतून काढण्यात आलं आहे. ते उत्तर मी आणि बाबांनी मिळून फाइलमध्ये लावलं. खाडीचा विषय कुणीच काढला नाही.

त्या गुरुवारी ते दोघं गेल्यावर मी दार लावून वळले तेव्हा बाबा खुर्चीत बसले होते. मी पाणी दिलं, ते अर्धं प्याले आणि खुर्चीतच मान कलंडून झोपी गेले. कित्येक आठवड्यांत ते दुपारचे झोपले नव्हते, ते माझ्या तेव्हा लक्षात आलं. डाळ-तांदूळ धुऊन कुकरमध्ये तयार होते. शिट्टीने जाग येईल म्हणून मी कुकर लावला नाही. डाळ साध्या पातेल्यात शिजत ठेवली आणि ती शिजेपर्यंत, तास-सव्वा तास, काही न करता त्यांच्या समोर बसून राहिले.