दोन गोण्या गांडूळखत घेऊन श्रीगोंद्याला

दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलं आणि मित्राच्या गोठ्यामागे गांडूळखत करायला लागलो. माधवी एकदा म्हणाली, "माझ्या बापूंनी उसात तुझं खत घेतलं, तर आपलं घरी सांगायची हिंमत होईल मला." तिनं सहज म्हटलं असेल. मी दुसऱ्या दिवशी सकाळी बाईकवर दोन गोण्या आवळल्या आणि नगर सोडलं.

दौंड रस्ता कोळगावपर्यंत झकास आहे. पुढे श्रीगोंद्याकडे वळलात आणि कारखाने चालू असले, की रस्ता उसाच्या ट्रॉल्यांचा. टेपवर गाणी जोरात, मागच्याला बाजू मिळत नाही. ओव्हरटेकच्या भानगडीत पडू नका. मी पडलो; शिव्या दिल्या, घेतल्याही. फाट्यावरची मिसळ मात्र खाच. सत्तर रुपयांत दुपारचं जेवण टळतं.

त्याच टपरीवर गोण्या बघून एका काकांनी विचारलं, "काय हाय रं?"

"गांडूळखत."

"घरी खायच्या वांग्याला बरं हाय. उसाला न्हाई. कारखान्यात वजन बघत्यात, चव न्हाई."

शेजारचा म्हणाला, "म्या टाकलं हुतं की, वाट्यानं केलेल्या रानात. जमीन लई सुधारली. मग मालकानं रानच काढून घेतलं!"

सगळे हसले. मी चहाचे पैसे देऊन निघालो.

बापूंनी वस्तीवर पाणी दिलं, मूठभर खत चोळून हुंगून पाहिलं. उसाची नवी लागण काळ्याभोर रानात होती. बोट मात्र त्यांनी बांधालगतच्या मुरमाड पट्टीकडे दाखवलं. "तिथं टाक."

माझं डोकं सटकलं. "तिथं कुसळ उगवत नाही! नवं खत आलं की सगळे मुरमातच टाकता, आणि मग म्हणता, खत फसवं. चांगल्या रानात टाकून बघा की!"

दारात उभी असलेली माधवी आत निघून गेली.

बापूंचा आवाज होता तसाच. "चांगल्या रानावर घर चालतंय, पोरा. तुझं खत कवा दिसंल?"

"यंदा थोडं. खरं पुढच्या वर्षी. धीर धरावा लागतो."

"व्हय? अन् तुला पाच मिन्टं धीर न्हाई." त्यांनी चपला काढल्या, काळ्या रानात उतरले. "ह्या चार सऱ्या घे. जास्त मागू नको."

उन्हं कलेपर्यंत मी ओंजळीनं खत टाकलं.

नगरला परतल्यावर दोन दिवस कंबर धरली होती. ती सुटली, पण टपरीवरचा तो वाटेकरी काही सुटत नाही. शेतकरी आडमुठे असतात, हे वाक्य मी फार वापरायचो. ज्याच्या हातात रान वर्षापुरतंच, त्याला पुढच्या वर्षाचा फायदा कोणत्या तोंडानं सांगू?

माधवीनं बरेच दिवस फोन उचलला नाही. परवा तिचाच आला. "बापूंनी तुझ्या सऱ्यांत युरिया टाकला नाही. शेजारच्या चार सऱ्यांत मात्र डबल टाकलाय. म्हणाले, बघू कोण जिंकतंय."

"ही काय पद्धत झाली? मी आत्ता निघतो!"

"भांडायला येऊ नकोस. उद्या उसाला पाणी आहे. तुझ्या सऱ्या तूच भरायच्यास, म्हणतात."

"बापूंनी बोलावलंय, की तू?"



"गमबूट आण," ती म्हणाली. "चिखल असतो."