देऊन टाकणं

माझी मुलगी मीरा परीक्षेसाठी इंग्रजी समानार्थी शब्द पाठ करत होती. "डिस्कार्ड, डंप, स्क्रॅप, डिस्पोज..." शेजारीच माझी आई बाबांचं कपाट आवरत बसली होती. बाबांना जाऊन आठ महिने झाले होते आणि ते कपाट तिनं आज पहिल्यांदाच उघडलं होतं.

"टाकायलाच एवढे शब्द?" आईनं विचारलं.

"प्रत्येकाचा वापर वेगळा असतो, आजी. ट्रकनं नेऊन ओततात ते डंप. मोडीत काढतात ते स्क्रॅप."

आईनं बाबांचा तपकिरी स्वेटर मांडीवर घेतला. तिनंच विणलेला होता तो. "मग याला कुठला शब्द लावशील?"

मीरानं वही मिटली. थोडा विचार करून ती म्हणाली, "याला गिव्ह अवे. म्हणजे देऊन टाकणं."

मी ऐकत राहिले. बोलून टाक, सांगून टाक, माफ करून टाक असं आपण म्हणतो, तेव्हा फेकायचं काहीच नसतं. मनावरचं ओझं तेवढं उतरवायचं असतं. हे मला इतक्या वर्षांत कधी जाणवलं नव्हतं.

संध्याकाळी आई स्वेटर घेऊन खाली गेली. मीही सोबत गेले. आमचे वॉचमन सखारामकाका रोज बाबांशी बुद्धिबळ खेळायचे. त्यांनी स्वेटर तिथंच अंगात घातला.

"बाह्या जरा लांब आहेत, वहिनी," ते संकोचून म्हणाले.

"ह्यांनाही लांबच व्हायच्या," आई हसली. "माझंच माप चुकलं होतं. पण बोलले नाहीत हो कधी."