धनेशाच्या वाटेवरचा टेम्पो

त्या बाई निवृत्त नर्स. चंद्रपूरहून एकट्याच टेम्पो चालवत निघतात. टेम्पोत पलंग, शेगडी आणि खिडकीला फुलाफुलांचा पडदा आहे. मी मोटारसायकलवरून पक्षी बघायला जातो, तेव्हा भामरागडच्या रस्त्यावर त्या हमखास भेटतात. डोंगर दिसेल असं दार करूनच त्या गाडी उभी करतात. पक्ष्याचं नाव लगेच सांगत नाहीत. "आधी पाहून घे. नाव कुठी पळून चाललं?"

या उन्हाळ्यात त्यांनी मला धनेशाचं घरटं दाखवलं. मादी ढोलीत स्वतःला लिंपून बसली होती आणि नर तिला फटीतून उंबरं भरवत होता. आम्ही लांबून पाहत असतानाच कॅमेरेवाल्यांची जीप आली. त्यांना थेट झाडाखाली जायचं होतं. माणसं जवळ गेली की नर येत नाही आणि आत मादी उपाशी राहते. मी वाद घालायला शब्द जुळवत होतो. बाईंनी मात्र टेम्पो वाटेत आडवा लावला आणि शेगडीवर चहा ठेवला.

"बाई, गाडी काढा ना," एकजण म्हणाला.

"नाई काढत. तिचे पिल्लं हायेत आत. इथूनच पाहा. चहा घेता का?"

आवाज जराही चढला नव्हता. कॅमेरेवाल्यांनी चहा घेतला, लांबूनच फोटो काढले आणि जीप वळवली.

काही आठवड्यांनी गेलो, तर टेम्पो तिथेच. बाई दारात बसून डोंगर बघत होत्या.

"काल उडाले," त्या म्हणाल्या. "आता मले घरी जाऊन मस्त डोक्यावरून आंघोळ करायची हाय."