वरनं सोडलेला मैदा

मी कप पुढं केला आणि मॅडमनी डबा तिरका करून वरनं मैदा सोडला. हातभर वरनं. थोडा माझ्या मनगटावर पडला, थोडा ओट्यावर. बाकीच्या बायका डब्यात कप बुडवत होत्या, भरून सुरीनं सपाट करत होत्या. मीही तशीच बुडवायला गेले होते, तर मॅडम हसून म्हणाल्या, "तुम्ही राहू द्या हं. तुम्हाला मी घालते."

एकट्या मलाच. नाव घालायला गेले तेव्हा त्यांनी आडनाव विचारलं होतं. मग गाव. मग गावातली वाडी. तेव्हाच कळलं त्यांना. आम्ही बौद्ध. पोलादपूरच्या पुढं, कशेडी घाटाच्या पायथ्याला आमची वस्ती. आणि हे सगळं कुठं, तर महाडात.

मी एमआयडीसीतल्या एका कंपनीत ठेकेदाराकडं झाडलोट करते. पावडर उडते, छाती भरते, खोकला जात नाय. हे काम सुटावं, घरी बसून वाढदिवसाचे केक करावेत, एवढ्यासाठी मी केकच्या क्लासला नाव घातलं. फी सगळ्यांएवढीच. सुट्टीच्या दिवशी एसटीनं यायचे.

माझा केक बसायचा. दर वेळेला. कडा उभ्या आणि मधे खड्डा. मैदा एक कप सांगितला तर एकच कप, साखर तेवढीच, अंडी तेवढीच. कुठं चुकतंय, कळायचं नाय. मॅडम माझं भांडं उचलून सगळ्यांना दाखवायच्या. एकदा म्हणाल्या, "काही हातांना नाहीच येत. तुम्ही आपल्या भाकऱ्या करा, छान होतील." बायका हसल्या. मीही हसले. दुसरं काय करणार?

परत जाताना पोलादपुरात उतरले, चाचांच्या किराणा दुकानात गेले. घरचं सामान त्यांच्याकडूनच घेते मी. म्हटलं, चाचा, माझा हातच वाईट हाय का, बघा जरा. पिशवीतला कप काढला, त्यांच्या पिंपात बुडवून भरला. काट्यावर दीडशे ग्रॅम. मग सांगितलं, तिकडं मला असा भरू देत नाय, वरनं सोडतात. तसा भरून बघितला. एकशेवीस. चाचांनी कप उचलून परत काट्यावर ठेवला. एकशेवीसच.

"वरनं सोडला की मैदा फुलतो गो," ते म्हणाले. "कप भरल्यासारखा दिसतो, आत माल नाय. मैदा कमी पडला की केक बसणारच. पण वरनं कशाला सोडतात?"

मी म्हटलं, त्यांनी माझं आडनाव विचारलं होतं. मग त्यांना कळलं. कपातला मैदा त्यांनी परत पिंपात ओतला.

माझ्या आईच्या ओंजळीत विहिरीवरच्या बायका असंच वरनं पाणी सोडायच्या. ती सांगायची आणि मला वाटायचं, ते तिच्याबरोबर गेलं. कुठलं काय! केकपर्यंत आलं की माझ्या मागं.

पुढल्या सुट्टीला मॅडमनी डबा उचलायच्या आत मी कप आत घातला. मनगटापर्यंत हात मैद्यात. भरला, सपाट केला, माझ्या भांड्यात ओतला. मॅडमनी डबा उचलला, मागल्या दारी नेला आणि कचऱ्याच्या बादलीत उपडा केला. आत येऊन नवीन पाकीट फोडलं. "किडे झाले होते," म्हणाल्या.

एकही किडा नव्हता. सगळ्यांनी बघितलं होतं. सगळ्या माना खाली घालून अंडी फेटत राहिल्या. ओरडायचं होतं मला, खूप ओरडायचं होतं, पण मीही अंडी फोडायला घेतली.

त्या दिवशी माझा केक फुगला. वर मस्त सोनेरी रंग आला. कोणी चाखला नाय. डब्यात भरून मी तसाच घरी आणला.

क्लास संपला. झाडू अजून हातात हाय, खोकलाही हाय. वस्तीतल्या बायका म्हणतात, सोड गो आता, शिकलीस ना? नाय सोडणार. पुढल्या बॅचला मी परत नाव घालणार हाय. फी भरणार. आडनाव मोठ्यानं सांगणार. आणि पहिल्याच दिवशी सगळ्यांच्या आधी डब्यात हात घालणार.

फेका मैदा. किती डबे फेकताय, ते मी बघतेच.