तळ्याचा फेस आणि माझी स्कूटर

बेंगळुरात बर्फ पडत नाही, असं आम्हाला शाळेत शिकवलं होतं. शिकवणाऱ्यांनी तळ्याकाठचा तो रस्ता पाहिला नसावा. अख्ख्या वस्तीचं सांडपाणी तळ्यात जातं, जोराचा पाऊस झाला की ते घुसळून निघतं, आणि फेस वाऱ्यावर उडून रस्त्यावर येऊन बसतो. पांढराशुभ्र. दुरून काश्मीर, जवळ गेलं की गटार.

मी घरोघरी जाऊन वॉशिंग मशीन दुरुस्त करतो. हत्यारांची पिशवी स्कूटरच्या पुढ्यात ठेवायची आणि दिवसभर हिंडायचं. त्या सकाळी तळ्यासमोरच्या उंच इमारतीतल्या एका बाईंचा फोन आला.

"मशीनमधून फेस बाहेर येतोय! हॉलपर्यंत पोचलाय. ताबडतोब या!"

निघालो. वळणावर पोचलो तर पुढे रस्ताच दिसेना. कमरेएवढा फेस साचलेला. गाड्या थांबलेल्या, माणसं मात्र मजेत. बायकोला फोन करून "आज उशीर होईल गं" म्हणालो, ते एका तरुण जोडप्यानं ऐकलं.

"दादा, मराठी का तुम्ही? भारीच! आम्ही पुण्याचे," मुलगा म्हणाला. "एक फोटो काढता? मागे ट्रॅफिक नको यायला."

दोघं फेसाला पाठ करून, श्वास रोखून हसली. मी नाकाला रुमाल बांधून फोटो काढला. मग रेनकोट चढवला, हेल्मेटची काच खाली ओढली आणि स्कूटर फेसात घातली.

दहा पावलं गेलो नसेन, तोच पुढचं चाक खड्ड्यात गेलं आणि मी आडवा झालो. डोळे चुरचुरायला लागले, तोंडात साबण आणि आणखी काय काय. मागच्या रिक्षावाल्यानं येऊन मला दंडाला धरून उठवलं.

"अण्णा, या फेसाखाली रस्ता आहे असं कुणी सांगितलं तुम्हाला?" तो कन्नडमध्ये म्हणाला.

आम्ही दोघांनी ढकलत स्कूटर पलीकडे नेली.

इमारतीच्या फाटकात वॉचमननं नाक दाबलं. "सार, असं वर नाही जाता येणार. लॉबीला कालच पॉलिश केलंय." मग त्यानंच झाडांच्या पाइपनं मला उभ्या उभ्या धुतलं.

बाईंनी दार उघडलं आणि दोन पावलं मागे सरकल्या.

"किती उशीर! आणि हा वास कसला?"

"तुमच्या तळ्याचा, मॅडम."

"छे! आमच्याकडे वास येतच नाही. आम्ही खिडक्या बंद ठेवतो."

तळं दिसावं म्हणूनच हे घर घेतल्याचंही त्यांनी सांगितलं. मशीनमध्ये बिघाड नव्हता. बाईंच्या साहेबांनी हातानं कपडे धुण्याची पावडर ओंजळभर घातली होती. मी पाणी सोडलं, चार वेळा मशीन खळबळून काढलं. सगळा फेस पाइपातून खाली गेला. कुठे गेला, ते बाईंनी विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही.

परतताना पाहिलं तर तळ्याच्या कडेनं माणसं उंच हिरवी जाळी बांधत होती.

"अण्णा, यानं फेस थांबेल?" मी एकाला विचारलं.

त्यानं दातातली सुतळी काढली. "फेस कुठला थांबतोय सार? फोटो थांबतील."

पुढचं काम कोरमंगलात होतं. तिथं रस्त्यावर नुसतं पाणी तुंबलं होतं. गुडघाभरच. मला एकदम बरं वाटलं.