मनात वाचणारा आवाज

शिंपीकाका मशीनवर असले की काकू गप्प बसत, आणि काकांनी काजं-बटणं हातात घेतली की पुस्तक उघडून मोठ्याने वाचत. कादंबरी असो की गाईम्हशींची निगा, काकूंना सगळं सारखंच. त्या गेल्या, तरी काका रोज दुकान बंद केल्यावर दोन पानं वाचत. मनातल्या मनात वाचताना काकूंचाच आवाज यायचा, मधूनमधून नाक ओढण्यासकट. हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. लोक काय, वेड्यात काढायला टपलेलेच असतात.

लेकीला काळजी बापाच्या डोळ्यांची. दिवसभर सुईत खुपसलेले डोळे पुन्हा पुस्तकात कशाला, म्हणून तिने शिस्त लावून दिली. हातशिलाई करताना फोनवर पुस्तक ऐकायचं, नवीन काही शिकायचं तर व्हिडिओ बघायचा, छापील पुस्तक फक्त सुट्टीच्या दिवशी. काकांना ते चांगलंच मानवलं. जन्मात न जमलेली कोटाची कॉलर व्हिडिओ बघून जमली, आणि फोनमधला भारदस्त गृहस्थ गोष्टीमागून गोष्ट वाचत राहिला.

मग एका सुट्टीच्या सकाळी काकांनी पुस्तक उघडलं, तर मनात तोच गृहस्थ वाचू लागला.

फोन बंद होता. काकांनी तो कपाटात कापडाच्या गठ्ठ्याखाली दडपला. पुस्तक बदललं. दुकानाची पाटी वाचली, औषधाच्या बाटलीवरचा कागद वाचला. सगळीकडे तोच, संथपणे, घसा साफ करून. पुढे कित्येक दिवस त्यांनी फोनला हात लावला नाही, तरी तो माणूस हलेना. काकूंचं बोलणं आठवायला जावं तर शब्द त्यांचे, आवाज त्याचा. बायको एकदा गेली होतीच, आता ती दुसऱ्यांदा निघाली होती, आणि या खेपेला दार काकांनीच उघडून दिलं होतं.

शेवटी त्यांनी लेकीला सगळं सांगून टाकलं. तिचा आवाज थेट आईवर गेलाय, असं सगळे नातेवाईक म्हणत. ती हसली नाही. तिने डोळे पुसले, आईचं पुस्तक घेतलं आणि काकांसमोर स्टूल ओढलं.

"बाबा, डोळे मिटा. मी वाचते."

काकांनी डोळे मिटले. गृहस्थाने घसा साफ केला आणि वाचायला सुरुवात केली. दचकून काकांनी डोळे उघडले, तर लेकीचे ओठ हलत होते. पान संपल्यावर तिने आशेने वर पाहिलं.

"आली का आई?" तिने विचारलं. तेही त्याच्याच आवाजात.

"आली गं," काका म्हणाले. "अगदी तीच."